बेडकाचा घास आणि इंजिनाची शिट्टी

आज लंडनच्या पश्चिमेचे गजबजलेले उपनगर असलेले ईलिंग दोनशे वर्षांपूर्वी मिडलसेक्स परगण्यातील एक शांत खेडे होते. एलिझाबेथ लाइन तर दूरच, साधी आगगाडीही तेथे पोहोचली नव्हती. या खेड्यात, एका खाटकाच्या दुकानावरील घरात, ४ मे १८२५ रोजी थॉमस हेन्री हक्स्ले यांचा जन्म झाला. डार्विनच्या उत्क्रांतिवादाचे खंदे समर्थक, ऑक्सफर्डच्या १८६० च्या गाजलेल्या वादाचे नायक आणि अज्ञेयवाद या संकल्पनेला १८६९ मध्ये इंग्रजी नाव देणारे विचारवंत म्हणून जग त्यांना ओळखते. ज्या काळात महाराष्ट्रातील सुशिक्षित तरुण मिल आणि स्पेन्सर यांचे ग्रंथ वाचून वाद घालीत होते, त्या काळातील इंग्लंडच्या वैचारिक जीवनात हक्स्ले अग्रभागी होते आणि स्पेन्सर त्यांचे निकटचे स्नेही होते.

मात्र त्यांच्या आयुष्यातून आणखी एक धागा जातो आणि त्याकडे सहसा लक्ष जात नाही. समोर अन्न आल्यावर हात पुढे करणे, घास तोंडात घेणे, जबडा हलवणे, जिभेने घास फिरवणे, ओठ मिटून ठेवणे आणि शेवटी गिळणे, या साखळीतील किती कड्या माणूस स्वतः जोडतो आणि किती कड्या त्याला न विचारताच जोडल्या जातात? हा प्रश्न हक्स्ले यांनी एका बेडकाच्या निमित्ताने जाहीर सभेत मांडला. त्याचे जे उत्तर त्यांनी दिले, त्याने श्रोते अस्वस्थ झाले. त्या उत्तराची झळ पुढे त्यांच्या स्वतःच्या घरालाही लागल्यावाचून राहिली नाही.

दोन वर्षांची शाळा

हक्स्ले यांचे वडील जॉर्ज हे ग्रेट ईलिंग स्कूलमध्ये गणित शिकवीत. सेंट मेरीज चर्चच्या परिसरातील ही शाळा त्या काळी नावाजलेली होती. पुढे कार्डिनल झालेले जॉन हेन्री न्यूमन तिचेच विद्यार्थी. एकाच शाळेतून श्रद्धेचा एक मोठा भाष्यकार आणि संशयाचा एक मोठा पुरस्कर्ता बाहेर पडावा, हा योगायोग विलक्षण खरा. आठ भावंडांत सातवे असलेल्या थॉमस यांच्या वाट्याला मात्र तेथील जेमतेम दोन वर्षे आली. शाळेला उतरती कळा लागली, घरची स्थिती खालावली आणि १८३५ मध्ये कुटुंब कॉव्हेंट्रीला गेले. तेव्हा थॉमस दहा वर्षांचे होते. त्यानंतर त्यांना नियमित शालेय शिक्षण असे मिळालेच नाही. जर्मन भाषा, तर्कशास्त्र, भूविज्ञान, जे काही ते शिकले ते स्वतःच्या बळावर. त्यातील जर्मनने त्यांना जन्मभर साथ दिली, कारण गर्भविज्ञानातील आणि मेंदूविज्ञानातील उत्तम काम तेव्हा त्या भाषेत होत होते.

तेरा-चौदा वर्षांचे असताना ते प्रथमच एक शवविच्छेदन पाहायला गेले. कुतूहल इतके अनावर होते की तासन् तास ते तेथे रेंगाळले. बोटाला जखम झाली नव्हती, तरी त्यानंतर ते विचित्र आजारी पडले. हा शवातील विषाचाच परिणाम अशी त्यांची समजूत होती. त्यांना वॉरिकशायरमधील एका शेतावर विश्रांतीसाठी पाठवण्यात आले. वसंतातील एका सकाळी खिडकीतून आलेल्या वाऱ्याबरोबर लाकडाच्या धुराचा वास आला आणि जीव परत आल्यासारखे वाटले, ही आठवण त्यांनी म्हातारपणीही जपली होती. आजार ओसरला, मात्र पोटाचा विकार कायमचा मुक्कामाला आला. पुढची जवळजवळ पन्नास वर्षे अपचन आणि त्याबरोबर येणारी खिन्नता यांच्याशी त्यांचा संसार चालला. घास गिळला की माणसाचे काम संपते आणि शरीराचे सुरू होते, हे त्यांना पुस्तकाच्या आधी पोटाने शिकवले.

१८४१ मध्ये लंडनच्या पूर्व भागात, गोदीलगतच्या रॉदरहाइथ येथे एका डॉक्टरांकडे ते उमेदवारी करू लागले. औषधासाठी येणाऱ्या कित्येकांना दुसरा कोणताही रोग नव्हता, ते हळूहळू भुकेने मरत होते, हे तेथे त्यांच्या लक्षात आले. बाटलीतील औषधाने न बरा होणारा हा रोग ते कधी विसरले नाहीत. पुढे कामगारांसाठी दिलेली व्याख्याने आणि लंडन स्कूल बोर्डावरील त्यांचे काम यांमागे रॉदरहाइथचे ते दिवस होते.

मेंदूवाचून जेवणारा प्राणी

१८४२ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून हक्स्ले चेअरिंग क्रॉस हॉस्पिटलच्या वैद्यकीय शाळेत दाखल झाले. मज्जासंस्थेच्या अभ्यासाला तेव्हा बहर आला होता. चार्ल्स बेल यांनी चेहऱ्याच्या चेतांवर लिहिलेले प्रबंध ताजे होते. मार्शल हॉल यांनी १८३३ मध्ये प्रतिक्षिप्त क्रियेची कल्पना मांडली होती: इच्छेचा हुकूम नसतानाही मज्जारज्जू आणि मेंदूचा खालचा भाग संवेदनेला हालचालीने उत्तर देतात. गिळणे हे तिचे रोजचे उदाहरण. घास घशाच्या एका टप्प्यापर्यंत नेणे माणसाच्या हाती असते. तो टप्पा ओलांडला की पुढील क्रिया थांबवू म्हटले तरी थांबवता येत नाही.

विद्यार्थी असतानाच, १८४५ मध्ये, केसाच्या मुळाच्या आवरणातील एक थर त्यांनी शोधला. तो आजही हक्स्ले यांच्या नावानेच ओळखला जातो. त्याच वर्षी लंडन विद्यापीठाच्या परीक्षेत शरीररचना व शरीरक्रियाशास्त्रात त्यांना सुवर्णपदक मिळाले. पदवीच्या अंतिम परीक्षेला मात्र ते बसले नाहीत. कर्ज फेडायचे होते, म्हणून नौदलाची नोकरी धरली आणि १८४६ च्या अखेरीस रॅटलस्नेक या जहाजावर सहायक शल्यवैद्य म्हणून ते ऑस्ट्रेलिया व न्यू गिनीच्या दिशेने निघाले. झोपायला फळी आणि न्याहारीला कोको व किडे पडलेली बिस्किटे, अशी ती चार वर्षे होती.

जहाजावर त्यांनी जेलीफिशसारख्या प्राण्यांचा बारकाईने अभ्यास केला. या प्राण्यांचे शरीर मूलतः दोन पडद्यांचे असते आणि उच्च प्राण्यांच्या गर्भातील सुरुवातीच्या दोन थरांशी त्या पडद्यांचे साम्य आहे, हे त्यांनी दाखवले. लंडनला पाठवलेला हा निबंध १८४९ मध्ये रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला. १८५१ मध्ये, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी, हक्स्ले त्या संस्थेचे सदस्य झाले. जेलीफिशला मेंदू नसतो. चेतापेशींचे नुसते जाळे असते. तरीही ती भक्ष्य पकडते, तोंडाशी आणते आणि गिळते. खाणे ही क्रिया मेंदूपेक्षा जुनी आहे, याचा हा जिवंत पुरावा होता.

जबड्याची वंशावळ

१८५४ मध्ये हक्स्ले लंडनच्या शासकीय स्कूल ऑफ माइन्समध्ये अध्यापक झाले. पुढच्या वर्षी सिडनीत भेटलेल्या हेन्रिएटा हीथॉर्न यांच्याशी, आठ वर्षांच्या प्रतीक्षेनंतर, त्यांचा विवाह झाला. याच सुमारास त्यांनी कवटीच्या प्रश्नाला हात घातला. कवटी म्हणजे रूपांतर झालेले मणके, असा सिद्धांत तेव्हा रूढ होता आणि रिचर्ड ओवेन हे त्याचे बडे पुरस्कर्ते होते. १८५८ च्या क्रूनियन व्याख्यानात हक्स्ले यांनी गर्भाच्या वाढीचे दाखले देऊन हा सिद्धांत मोडीत काढला. पूर्ण वाढलेली हाडे पाहून साम्य शोधण्यापेक्षा, ती गर्भात कशी घडत जातात हे पाहावे, ही त्यांची पद्धत होती.

जेवणाच्या क्रियेचे रहस्यही याच वाटेने उलगडत गेले. मानवी गर्भाच्या गळ्याशी, माशांमध्ये ज्यांपासून कल्ले तयार होतात तशा, कमानी दिसतात. पहिल्या कमानीपासून जबडा आणि चावण्याचे स्नायू बनतात. त्यांना मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी पाचवी चेता चालवते. दुसऱ्या कमानीपासून चेहऱ्याचे स्नायू बनतात. ओठ मिटणे, गाल आत ओढून घास दातांखाली ढकलणे ही कामे सातवी चेता करते. जिभेचे स्नायू वेगळ्या मुळाचे, त्यांची चेता बारावी. घसा आणि गिळणे यांची जबाबदारी मुख्यतः नववी आणि दहावी सांभाळतात. एका घासासाठी इतके वेगवेगळे कारभारी का, याचे उत्तर माणसाच्या पूर्वजांच्या इतिहासात आहे. एका कारागिराने एका दिवशी बांधलेले हे घर नव्हे. जुन्या वाड्यात पिढ्यान् पिढ्या भर पडत जावी तसे ते वाढले आहे. म्हणूनच सातव्या चेतेला इजा होऊन एका बाजूचा चेहरा लुळा पडला तरी त्या बाजूचा जबडा जोर धरू शकतो. मात्र अन्न गालात साठते आणि पाणी ओठांच्या कोपऱ्यातून ओघळते.

ओवेन यांच्याशी पुढचा सामना मेंदूवरूनच झाला. मानवी मेंदूतील हिप्पोकॅम्पस मायनर हा भाग वानरांत नसतो आणि म्हणून माणूस प्राणिसृष्टीत वेगळा, असा ओवेन यांचा दावा होता. तो भाग वानरांतही असतो हे हक्स्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विच्छेदन करून दाखवले आणि १८६३ मध्ये त्यांचे मानवाच्या सृष्टीतील स्थानावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. या विजयाच्या काळावर दुःखाची गडद सावली होती. १८६० च्या सप्टेंबरमध्ये त्यांचा पहिला मुलगा नोएल स्कार्लेट फीवरने गेला. तो चार वर्षांचाही पूर्ण झाला नव्हता.

बेलफास्टची ती संध्याकाळ

१८७० नंतर कामाच्या ओझ्याखाली हक्स्ले यांची प्रकृती ढासळली. पोटाने पुन्हा असहकार पुकारला. डार्विन आणि इतर स्नेह्यांनी १८७३ मध्ये २,१०० पौंड जमवून त्यांना विश्रांती घ्यायला लावले. त्यातून सावरल्यावर, ऑगस्ट १८७४ मध्ये, बेलफास्ट येथील ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात त्यांनी प्राणी हे स्वयंचलित यंत्र आहेत काय या विषयावर व्याख्यान दिले.

त्यातील मुख्य दाखला जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्रीड्रिख गोल्ट्झ यांच्या बेडकांचा होता. बेडकाच्या मेंदूचा पुढचा भाग, म्हणजे मोठ्या मेंदूचे गोलार्ध, कौशल्याने काढून टाकले तर तो मरत नाही. महिनोन् महिने जगतो. हातावर ठेवून हात हळूहळू उलटा केला तर तोल सांभाळत तो वर चढतो. पाण्यात टाकला तर पोहतो. मात्र त्याच्यासमोर अन्न ठेवले तर तो त्याला तोंड लावत नाही. उपाशी मरेल, पण आपण होऊन खाणार नाही. तेच अन्न त्याच्या तोंडात ठेवले की मात्र तो ते बिनचूक गिळतो.

या एका निरीक्षणात जेवणाचे दोन तुकडे वेगळे झाले. घास आत गेल्यानंतरची यंत्रणा शाबूत होती. भूक ओळखून घासाकडे जाणारा कोणी उरला नव्हता.

दुसरा दाखला माणसाचा होता. १८७० च्या फ्रान्स-जर्मनी युद्धात सेदानजवळील बाझेय येथे एका फ्रेंच सार्जंटच्या डोक्याच्या डाव्या बाजूला गोळी लागली. जखम बरी झाली, लुळेपणा ओसरला. मात्र मधूनमधून त्याला एक विलक्षण अवस्था येई. त्या अवस्थेत तो चाले, कपडे घाले, खाई, पिई, धूम्रपान करी. पण टाचणी टोचली तरी त्याला कळत नसे आणि भोवतालच्या बहुतेक गोष्टींची दखल तो घेत नसे. अशा वेळी त्याच्या आत कोणी जागे होते की नाही, हे बाहेरून सिद्ध करता येणार नाही, असे हक्स्ले यांनी स्पष्ट केले.

देकार्त यांनी दोन शतकांपूर्वी प्राण्यांना जाणीवशून्य यंत्रे मानले होते. हक्स्ले यांना ते मान्य नव्हते. प्राण्यांनाही जाणीव असते, असे त्यांचे मत होते. मात्र त्या जाणिवेच्या हाती काही असते का, याविषयी त्यांनी मांडलेली उपमा पुढे तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत कायमची जाऊन बसली. वाफेच्या इंजिनाची शिट्टी इंजिनाच्या चालण्यातूनच निघते, पण इंजिन तिच्यामुळे चालत नाही; जाणिवेचे शरीराशी असलेले नाते तसेच असावे. एवढ्यावर न थांबता त्यांनी हाच न्याय माणसालाही लावला. ते जन्मले तेव्हा ईलिंगने अशी शिट्टी ऐकली नव्हती. तेथे रेल्वे स्थानक झाले ते १८३८ च्या डिसेंबरमध्ये, हक्स्ले कुटुंबाने गाव सोडल्यानंतर तीन वर्षांनी.

माकड, क्रेफिश आणि कायदा

हक्स्ले बोलत होते त्याच सुमारास लंडनमध्ये डेव्हिड फेरिअर मेंदूच्या पृष्ठभागाचा नकाशा तयार करीत होते. विद्युत्प्रवाहाच्या सौम्य स्पर्शाने माकडाच्या मेंदूतील एका जागेवरून हात हलत होता, तर खालच्या बाजूच्या दुसऱ्या जागेवरून तोंड उघडत होते आणि जीभ आतबाहेर होत होती. सशाच्या मेंदूवरील विशिष्ट भागाला उत्तेजन दिले की तोंडात काहीही नसताना तो लयीत चावू लागे. मोठा मेंदू जेवण सुरू करू शकतो, हा त्याचा अर्थ.

या प्रयोगांना विरोधही तीव्र होता. प्राण्यांवरील प्रयोगांच्या चौकशीसाठी १८७५ मध्ये नेमलेल्या शाही आयोगाचे हक्स्ले सदस्य होते. वेदना देणारे प्रयोग स्वतः करणे त्यांच्या स्वभावात बसत नव्हते. तरीही भूल देऊन केलेल्या संशोधनाला वाव मिळालाच पाहिजे, असे त्यांना वाटे. आयोगानंतर १८७६ चा कायदा झाला. त्याच कायद्याखाली नोव्हेंबर १८८१ मध्ये फेरिअर यांना बो स्ट्रीटच्या न्यायालयात उभे राहावे लागले. शस्त्रक्रिया परवानाधारक सहकारी जेराल्ड येओ यांनी केली होती, असे निष्पन्न झाल्याने खटला फेटाळण्यात आला.

त्याआधी ऑगस्टमध्ये लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेत गोल्ट्झ आणि फेरिअर समोरासमोर आले होते. मेंदूत वेगवेगळ्या कामांच्या वेगवेगळ्या जागा असतात हे गोल्ट्झ यांना मान्य नव्हते. फेरिअर यांनी अर्धे शरीर लुळे पडलेले माकड सभेपुढे आणले. अर्धांगवायूच्या रुग्णाशी असलेले त्याचे साम्य पॅरिसचे विख्यात मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांच्या तत्काळ ध्यानात आले. याच परिषदेत हक्स्ले यांनी जीवशास्त्र आणि वैद्यक यांच्या नात्यावर व्याख्यान दिले. गोल्ट्झ यांनीही आपले काम सोडले नाही. १८९२ मध्ये त्यांनी वर्णन केलेला, मोठा मेंदू जवळजवळ संपूर्ण काढलेला कुत्रा, तोंडाशी अन्न आणले की चावून गिळत असे. बेलफास्टच्या बेडकाचीच ही पुढची पायरी होती.

दरम्यान १८८० मध्ये हक्स्ले यांचे क्रेफिशवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. कोळंबीच्या नात्यातील, गोड्या पाण्यातल्या या एका प्राण्याच्या आधारे त्यांनी सारे प्राणिशास्त्र शिकवायला घेतले. क्रेफिशच्या जठरात दातांसारखे कठीण भाग असतात आणि अन्न तेथे जात्यासारखे दळले जाते. विसाव्या शतकात खेकडे आणि लॉब्स्टर यांच्या अशाच जठराला चालवणाऱ्या सुमारे ३० चेतापेशींच्या गाठीवर शास्त्रज्ञांनी काम केले. ही गाठ शरीराबाहेर काढून ठेवली तरी दळण्याची लय निर्माण करीत राहते, असे आढळले. चावण्याची लय मूठभर पेशींतही मावू शकते.

घरातला प्रश्न

शरीर हे यंत्र आहे, हे विधान हक्स्ले यांच्यासाठी व्यासपीठावरचा खेळ नव्हता. त्यांच्या वडिलांचे मानसिक संतुलन उतारवयात पूर्ण ढळले आणि त्यांना केंट परगण्यातील बार्मिंगच्या मनोरुग्णालयात ठेवावे लागले होते. एके काळी ईलिंगला गणित शिकवणारी बुद्धी अशी विझलेली मुलाने पाहिली होती. स्वतः हक्स्ले यांनाही खिन्नतेचे झटके येत. त्यांची मुलगी मॅरियन गुणी चित्रकार होती. तिचा विवाह चित्रकार जॉन कोलिअर यांच्याशी झाला. बाळंतपणानंतर तिचे मन आजारी पडले. १८८७ मध्ये तिला उपचारासाठी पॅरिसला शार्को यांच्याकडे नेण्यात आले. तेथे न्यूमोनियाने तिचा अंत झाला.

मेंदू बिघडला की माणूस बदलतो, हे सांगणाऱ्या शास्त्रज्ञाला आपल्या माणसांच्या बाबतीत तेच पाहावे लागले. जाणिवेच्या हाती काही नसेल तर आजारी माणसाला बोल कोण लावणार? यंत्राच्या सिद्धांतात एक करुणाही दडलेली होती. आणि माणूस यंत्र असेल तर ते यंत्र घडवता येते, या विश्वासाने हक्स्ले यांनी शाळा, प्रयोगशाळा आणि पाठ्यपुस्तके यांत आयुष्य ओतले. सवय पुरेशी मुरली की चांगले वागणे चालण्याइतके सहज व्हावे, ही त्यांची शिक्षणाची कल्पना होती.

१८८३ ते १८८५ या काळात ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. प्रकृतीमुळे निवृत्त होऊन ते पुढे ईस्टबर्नला राहायला गेले आणि तेथेच २९ जून १८९५ रोजी त्यांचे निधन झाले. लंडनच्या ईस्ट फिंचली दफनभूमीत, नोएलजवळ, त्यांना चिरविश्रांती मिळाली.

शिट्टीचे पुढे काय झाले

चेअरिंग क्रॉस हॉस्पिटलने आपल्या या विद्यार्थ्याच्या नावाने व्याख्यानमाला सुरू केली. त्याच काळात ह्यूलिंग्ज जॅक्सन मज्जासंस्थेच्या पायऱ्यांविषयी मांडणी करीत होते. वाचा गमावलेला रुग्ण सांगूनही जीभ बाहेर काढू शकत नाही, पण जेवताना तीच जीभ घास व्यवस्थित फिरवते, हे त्यांनी रुग्णांत पाहिले होते. जीभ एकच, तिला हुकूम देणाऱ्या पायऱ्या अनेक. १९०६ मध्ये हक्स्ले यांच्या नावाच्या व्याख्यानमालेत इव्हान पाव्हलोव्ह आले. अन्न दिसताच, किंवा अन्नाची चाहूल देणारी खूण मिळताच, कुत्र्याच्या तोंडाला सुटणारी लाळ हा त्यांचा विषय. घासाआधीच्या क्षणात शिकलेला मेंदू कसा काम करतो, हे त्यांनी दाखवले. गोल्ट्झच्या बेडकाने गमावले होते ते नेमके हेच.

आजचे मेंदूविज्ञान हक्स्ले यांना बरेचसे दुजोरा देते. चावण्याची मूळ लय मेंदूच्या देठात, म्हणजे मस्तिष्कस्तंभात, निर्माण होते. स्नायू औषधाने निश्चल केलेल्या प्राण्यांतही तेथून निघणारा लयबद्ध संदेश टिकून राहतो, हे डेलो आणि लुंड यांनी १९७१ मध्ये सिद्ध केले. वरचा मेंदू ही लय सुरू करतो, थांबवतो, वळवतो. बोलता बोलता जेवणारा माणूस जबडा मोजून हलवत नाही, तो याच यंत्रणेच्या भरवशावर.

पण या यंत्रणेला सतत बातमी लागते. दातांच्या मुळांभोवतीचे संवेदक घास कडक की मऊ हे कळवतात, स्नायूंतील संवेदक जबडा किती उघडला ते सांगतात, जीभ घासाचा आकार आणि जागा सांगते. त्या बातमीवर प्रत्येक चावण्याचा जोर बदलतो. दंतवैद्याने ओठ-गाल बधिर केला की तो दाताखाली सापडण्याचा धोका असतो, कारण बातमी बंद पडलेली असते. शिट्टीच्या उपमेत अशा परतीच्या वार्तेला फारशी जागा नव्हती. अर्थात वार्ता म्हणजे जाणीव नव्हे. बहुतेक बातम्या जाणिवेपर्यंत न पोहोचताच काम करून जातात. त्यामुळे हक्स्ले यांच्या मूळ प्रश्नाचा निकाल अजून लागलेला नाही. त्यांचे नातू अँड्र्यू हक्स्ले यांना चेतेतून संदेश कसा धावतो या शोधासाठी १९६३ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. संदेश धावतो कसा ते कळले, तो जाणवतो कसा हे कळायचे आहे.

हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता राहिलेला नाही. पुण्यात किंवा नागपुरात आईवडील, आणि मुले ईलिंगला किंवा न्यू जर्सीला, अशा अनेक घरांत व्हिडिओ कॉलवर एक दृश्य दिसते. स्मृतिभ्रंश झालेले आजोबा ताटासमोर बसून राहतात, किंवा घास तोंडात धरून ठेवतात, आणि जवळच्यांना तो हट्ट वाटतो. काही वेळा चमचा ओठांना लागला, हातात घास दिला, शेजारी कोणी जेवायला बसले, की थांबलेली क्रिया पुन्हा सुरू होते. काही वेळा होत नाही, आणि तेव्हा बळजबरीने भरवलेला घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. अशा वेळी गिळण्याच्या विकारांच्या तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा लागतो. यंत्रणा शाबूत आहे आणि सुरुवात हरवली आहे, एवढे ओळखता आले तरी रागाची जागा धीर घेऊ शकतो. खाटकाच्या दुकानावर जन्मलेल्या, जन्मभर पोटाने छळलेल्या आणि घरातली दोन मने ढळताना पाहिलेल्या हक्स्ले यांच्या त्या बेडकाने तेवढे तरी शिकवून ठेवले आहे.